भिंतीवरचं मिटलेलं पुस्तक

रायपूरच्या विमानतळावर मला निरोप देताना बाबांनी खिशातून माझ्या प्रवेशपत्राची झेरॉक्स काढली. मजकूर इंग्रजीत होता, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांचं बोट वरच्या बोधचिन्हावर होतं. ढाल, ढालीवर सिंह, तीन बुरूज आणि मधोमध पुस्तक. "एवढं जुनं विद्यापीठ आहे, उगाच नसन काढलं हे," ते म्हणाले. "तिथं गेल्यावर अर्थ इचार अन् मले सांग." मी हो म्हटलं आणि आत गेले.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात पेंटर होते. वॅगनवरची अक्षरं आणि आकडे त्यांच्या हातचे. माझे आजोबा नोकरीसाठी विदर्भातून रायपूरला आले, मी रायपूरहून इंग्लंडला. आजोबा गावाकडच्यांना आपण काय काम करतो ते सांगत असत. मी मात्र तिकडे 'वडील रेल्वेत आहेत' एवढंच म्हणायचे. कोणी "इंजिनिअर?" असं विचारलं, तर माझी मान होकारार्थी हलायची. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना ही मान ठाऊक असेल.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला बोधचिन्हाचा अर्थ सांगितला गेला. सिंह धैर्याचा, बुरूज जुन्या शहराचे. पुस्तक मिटलेलं आहे आणि त्याला कड्या आहेत, कारण ज्ञान सहज हाती लागत नाही, ते मिळवावं लागतं. ऐकून मला गुदगुल्या झाल्या. आपण मिळवलं, असं वाटलं. बाबांना सांगायचं राहून गेलं. फोनवर हवापाणी, जेवण, आणि त्यांचं "हव बेटा" एवढ्यावर वेळ संपायचा.

तोवर त्यांनी आमच्या घराच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर ते अख्खं बोधचिन्ह ऑइलपेंटने रंगवलं होतं. सिंहाच्या आयाळीचा एकेक केस वेगळा. झेरॉक्समध्ये पुस्तक म्हणजे नुसता काळा डाग होता, म्हणून ते त्यांनी मनानेच काढलं, आणि उघडं काढलं.

दोन वर्षांपूर्वी नवा रायपूरला एका परिसंवादासाठी मी आले, तेव्हा मी त्याच विद्यापीठात नोकरीला होते; तिथली सहकारी क्लेअर सोबत होती. त्या नव्या शहराच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून टॅक्सीने तिला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, चहाला आणलं. आईबाबांची ओळख करून दिली. क्लेअर भिंतीजवळ थांबली आणि हसून म्हणाली, पुस्तक तर उघडं आहे, कोणी काढलं हे? बाबा चहाचा ट्रे घेऊन माझ्यामागेच उभे होते. मी इंग्रजीत म्हणाले, गल्लीतला कोणी पेंटर आहे, त्याची चूक झाली.

पेंटर आणि मिस्टेक हे दोन्ही शब्द वर्कशॉपातल्या माणसाला कळतात. त्यांनी ट्रे खाली ठेवला, क्लेअरला बिस्किटं घ्यायचा आग्रह केला. ती गेल्यावर मला विचारलं, "कुठं चुकलं?"

मी मोठ्या विद्वत्तेने कड्यांचा अर्थ समजावला.

"आपल्या लोकायले पुस्तक उघडाले किती पिढ्या लागल्या," ते म्हणाले, "अन् हे बंद करून मिरवतेत?"

सकाळी मी उठले तेव्हा त्यांनी भिंतीवरचं पुस्तक मिटलेलं करून टाकलं होतं. त्यावर दोन सोनेरी कड्याही रंगवल्या होत्या. ब्रश पुसत ते म्हणाले, "आता दाखवता येईन ना कोणालेबी?" त्या वेळी मला जमीन दुभंगून आत घ्यावी असं वाटलं, आणि मी बॅग भरायला आत गेले. त्याच दिवशी माझं विमान होतं.

कबुली द्यायला मला दोन वर्षं लागली. या खेपेला एकटीच आले आणि म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमचं नाव सांगायची मला लाज वाटली. ते म्हणाले, "मले तवाच समजलं. सांगितलं असतं तं तिनं मलेच इचारलं असतं. मले कुठं येते इंग्रजी?" माझ्या अपराधाला त्यांनी कारणही शोधून ठेवलं होतं. त्यांनी रागावलेलं मला चाललं असतं.

पुस्तक पुन्हा उघडा, असं मी म्हटलं. त्यांचा हात आता कापतो. त्यांनी ब्रश माझ्या हाती दिला. मी कड्यांवर पांढरा रंग फिरवला आणि पानं काढायला घेतली. एक पान दुसऱ्यापेक्षा मोठं झालं, मधली रेघ तिरपी गेली, रंगाचा ओघळ बुरुजावर उतरला. ज्या भिंतीची खूण देऊन दूधवाला आमच्या घराचा पत्ता सांगायचा, ती मी बिघडवून ठेवली.

तेवढ्यात शेजारचे वर्माजी स्कूटर थांबवून बघायला लागले. "ये किसने बनाया भैया?"

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "मेरी बेटी ने," ते मोठ्याने म्हणाले.

घर कुठे आहे असं कोणी विचारलं की मी अजून रायपूर सांगते. पण त्या वेळी त्याच घरासमोर वर्माजींकडे वळून बघायचा मला धीर झाला नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.