बैठकीतला नारळ
चूक माझीच होती, आणि ती मी समजून-उमजून केली. देवळात नारळ फोडल्याचा वास आला की अजून ती बैठक आठवते. झऱ्याच्या पाण्यावरून आमची वरची वाडी आणि खालची वाडी भांडत होत्या. परदेशी वकिलातींत नोकरी करून निवृत्तीनंतर मुळशीत राहायला आलेल्या बाईंनी महिनाभर घरोघरी फिरून दोन्ही वाड्यांना शाळेत एका सतरंजीवर बसवलं. मी ग्रामपंचायतीत लिपिक. त्यांनी मला बजावलं होतं, “सत्कार कुणाचाच नको.” तरी वरच्या वाडीचे पुढारी असलेले माझे मामा रुसतील म्हणून मी त्यांना शाल-नारळ दिला. खालच्या वाडीतला म्हातारा ताडकन उठला. “बाई, हितं बी त्येंचाच मान? मग पानी काय मिळतंय आमाला!” त्याच्यामागे सगळे उठले. “थांबा, सत्कार करायला मीच सांगितलं होतं, चूक माझी,” म्हणत बाई दारापर्यंत धावल्या. तो दोष मी त्यांच्यावरच राहू दिला. खालच्या बायका आणखी दोन उन्हाळे हंडे घेऊन झऱ्यापर्यंत चढत राहिल्या. परवा बाईंपुढे हात जोडले, तर म्हणाल्या, “माझ्याकडे कशाला आलास? खाली जा.” काल गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता. म्हणालो, “आबा, तो नारळ बाईंचा नव्हता, माझा होता. मला माफ करा.”