पहिलं बोट आपलं

आमच्या जीवरसायनशास्त्र विभागाचा एक रिवाज आहे. गावात सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं की पहिलं बोट आपलं. गावातल्या कुणाला सुई टोचायच्या आधी आपल्यातल्या एकानं सगळ्यांसमोर बसायचं, बोट टोचून घ्यायचं, रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात सोडायचा आणि थोडं थांबून ती नळी छापील कागदापुढे धरायची. पलीकडची अक्षरं वाचता आली तर रक्त चांगलं. नळी गढूळ होऊन अक्षरं दिसेनाशी झाली तर रक्तात सिकलसेल आहे. एवढं डोळ्यांनी पाहिलं की लोकांची भीड चेपते. नाहीतर हे कॉलेजवाले रक्त नेऊन विकतात म्हणणारा एक तरी शहाणा प्रत्येक गावात असतोच.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा हे पहिलं बोट ठरलेलं असायचं. वर्गात एक धिप्पाड पोरगा होता, तो आमचा हक्काचा बकरा. लॅबमध्ये सरावाला त्याचंच रक्त आणि शिबिरातही त्याचंच. त्याची नळी दर वेळी स्वच्छ निघायची. आम्हा बाकीच्यांना आपलं स्वतःचं रक्त एकदा पाहून घ्यावं असं कधी सुचलंच नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

त्या वर्षी महागाव तालुक्यातल्या माझ्याच गावात शिबिर ठरलं. मी आदल्या दिवसापासून हवेत होते. महिन्यापूर्वीच माझं साक्षगंध झालं होतं. मुलगा दारव्ह्याचा, तिथल्या एका कृषी केंद्रात, खता-बियाण्यांच्या दुकानात, कामाला. बोलायला गोड, दिसायला बरा, आणि मला आवडत होता. उगाच कशाला लपवू? फोनवर बोलता बोलता माझी भाजी कितीदा करपली ते आईला विचारा.

शिबिर बुद्धविहाराच्या ओट्यावर मांडलं होतं. आई साक्षगंधातली नवी साडी नेसून सगळ्यांत पुढे बसली. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी भाषण केलं की लग्नाआधी पत्रिका नको, रक्त जुळवा. आई शेजारणीला मोठ्यानं म्हणाली की आपल्यात पत्रिका पाहतच नाहीत, म्हणजे यांचं अर्धं काम झालंच. सगळे हसले. मीही हसले. मॅडमनी मागे वळून पाहिलं तर तो बकरा आलाच नव्हता, तापानं पडला होता. कुणी काही बोलायच्या आत मी खुर्चीवर जाऊन बसले. गाव माझं, माणसं माझी, मग बोट दुसऱ्याचं कशाला?

मैत्रिणीनं बोट टोचलं. मी बोलत सुटले होते. हा आजार आईबापाकडून येतो, कुणाच्या शापानं नाही. एकाचंच रक्त असं असेल तर भ्यायचं काही काम नाही, तो माणूस नुसता वाहक असतो, ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर लेकराला हा आजार होऊ शकतो. सगळं पाठ होतं मला. मग मी नळी कागदापुढे धरली, तिच्याकडे न पाहताच लोकांकडे वळवली आणि विचारलं, सांगा, अक्षरं दिसतात ना?

आईनं मान पुढे काढली, डोळे बारीक केले, चष्मा पदराला पुसून पुन्हा लावला.

"मले त काईच दिसून नाई राह्यलं वं," ती म्हणाली, "डोये गेले वाट्टे माये."

तिला वाटलं डोळ्यांचाच दोष. मी नळीकडे पाहिलं. ताकासारखी गढूळ झाली होती. मॅडमचा हात हळूच माझ्या हातावर आला, पण तोवर सगळ्या गावानं पाहिलं होतं. ओट्यावरच्या बायकांना आता काय पाहायचं ते मीच नीट शिकवून ठेवलं होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात पक्की तपासणी झाली. मी वाहक निघाले. आजार नाही, औषध नाही, काही नाही. प्रश्न एकच उरला होता, त्याचं रक्त कसं आहे? त्याचं चांगलं असलं तर लग्नाला काहीच हरकत नव्हती. मी त्याला त्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं आणि तपासून घे म्हटलं. तो हो म्हणाला. मग सोयाबीनच्या पेरणीची गर्दी आली. मग मालक सुट्टी देईना. मग त्याचा फोनच लागेना. मी एका सकाळी एस.टी.त बसले आणि दारव्ह्याला जाऊन त्याच्या दुकानासमोर उभी राहिले.

आम्ही बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसलो. म्हटलं, चल, आत्ताच जाऊन येऊ, एका बोटाचं तर काम आहे. त्यानं कप खाली ठेवला.

"मले मालूम आहे," तो म्हणाला. "होस्टेलात होतो तवाच तपासलं होतं. मीही तसाच आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की साक्षगंधाला पेढा भरवताना याला माहीत होतं, आणि मी फोनवर रडत होते तेव्हाही माहीतच होतं.

"तू कायले टोचलं साऱ्या गावासमोर?" तो म्हणाला. "चूप राह्यलो असतो त दोघंही सुखानं राह्यलो असतो."

"आन् लेकरू?"

"साऱ्यायचेच थोडी तसे निंघते."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दवाखान्यात मी एक मुलगी पाहिली होती. हातपाय दुखून दुखून तिचं रडणंसुद्धा थकलं होतं, आणि तिची आई नुसती पाय चोळत बसलेली. ते मी त्याला सांगितलं. त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, लग्न मोड, पण माझं कुणाला सांगू नको, माझ्या बहिणीचंही अजून व्हायचं आहे. मी शब्द दिला. तसाही तो द्यावाच लागला असता. ज्याचं रक्त त्याचीच गोष्ट, हा आमच्या विभागाचा दुसरा रिवाज, आणि तो मोडला तर उद्या कोण बोट देईल?

लग्न मोडलं ते मी. पण गावात काय झालं? पोट्टीचं रक्त खराब निघालं म्हणून पोराकडच्यांनी सोडलं. त्याच्या घरच्यांनीही तेच सांगितलं, आणि त्यानं सांगू दिलं. मी घरात बसून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. आईलाही सांगता येईना. ती म्हणायची, हात दाखवून अवलक्षण केलं तू. पहिलं बोट आपलं म्हणे. घे आता! पुढे एक स्थळ आलं, ते चहा पिऊन गेलं. दुसरं चहालाही थांबलं नाही. मला राग यायचा तो आईचा नाही. राग यायचा त्याचा, आणि त्याहून जास्त या गोष्टीचा की तो मला अजून आवडत होता.

मी एम.एस्सी. केलं आणि त्याच विभागात तासिकांवर शिकवायला लागले. माझ्या त्या दिवसानंतर मॅडमनी एक बदल केला होता. पहिलं बोट तेवढं सगळ्यांसमोर, बाकीच्यांच्या नळ्या बंद दाराआड. आणि पहिलं बोट आता कायमचं माझं. गढूळ नळी सगळ्यांना दाखवून मी म्हणते, ही माझी. जेवते, शिकवते, भांडते, काही कमी आहे का पाहा. लोक हसतात आणि रांग लागते.

गेल्या हिवाळ्यात कानावर आलं की त्याचं लग्न ठरलं. मुलगी दारव्हा तालुक्यातलीच, एका लहान गावातली. माझी झोप उडाली. सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर त्या पोरीच्या लेकराचं काय? बरं, सांगितलं तरी लोक म्हणणार, लग्न मोडलेली आहे, जळते. शेवटी मी मॅडमकडे गेले, त्या मुलीच्या गावाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, पुढचं शिबिर या गावात घेऊ. मॅडमनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. कारण विचारलं नाही. जीप सांगा म्हणाल्या.

शिबिर शाळेत झालं. त्या दिवशी बोलले तशी मी कधी बोलले नसेन. लग्न ठरलेल्यांनी तर आधी या, म्हणत राहिले. बायकांनी एका पोरीला कोपरानं ढकलत पुढे आणलं, "नवरी, नवरी" म्हणत. हातावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर गोंदलेलं होतं. मी तिला वर्गात नेलं आणि दार लावून घेतलं. तिचं बोट पुसून मी सुई टोचली.

थेंब सोडून आम्ही वाट पाहत बसलो. तिनं विचारलं, "ताई, माया होनाऱ्यालेही तपासाले सांगू काय?"

"सांग," मी म्हटलं. "जरूर सांग." याहून एक शब्द जास्त बोलता येत नव्हता.

नळी उचलताना माझ्या मनात काय होतं ते सांगते. तिची नळी स्वच्छ निघावी असं वाटत होतं, अगदी जिवापासून. आणि निघू नये असंही वाटत होतं. स्वच्छ निघाली तर तिला त्याच्याशी बिनघोर लग्न करता येणार होतं, जे मला करता आलं नाही. मी कागद मागे धरला आणि नळी तिच्याकडे वळवली.

"वाच," मी म्हटलं.

ती बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली, शाळेतल्यासारखी, आणि ओळ संपल्यावर हसली. "सारं दिसते ताई. तुमीही पाहा ना."

मी पाहिलं. माझे डोळे इतके भरले होते की मला एकही अक्षर दिसत नव्हतं. चांगलं आहे तुझं रक्त, मी म्हटलं, सुखानं लग्न कर. ती पळतच बाहेर गेली. पुढची बाई दारात आली होती, तिला मी जरा थांबायला सांगितलं.