चंद्री चोर नव्हती

आमची अक्कात्या व्हिडिओ गेममध्येसुद्धा दुसऱ्याच्या घरात शिरताना पायताण काढायची. आत राक्षस दबा धरून बसलेला असो, बाहेर भुतं किंचाळत असोत. खेळातली तिची तलवारवाली बाई, चंद्री, उंबऱ्याशी थांबणार, बूट उतरवणार, मगच आत पाऊल टाकणार. एकदा अशीच अनवाणी मार खाऊन बाहेर आली. मी म्हटलं, "अगं, बूट घातले असतेस तर!" तर म्हणे, "राक्षसाला रीत नाही म्हणून मीही सोडू?" हसा तुम्ही. मलाही आधी हसूच येतं, आणि पाठोपाठ माझ्या सख्ख्या भावाचा, नितीनचा, असा संताप येतो की विचारू नका.

अक्कात्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बंगळुरात चामराजपेटेतली अख्खी गल्ली तिला अक्का म्हणे, आमची ती आत्या, म्हणून अक्कात्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, जिभेला धार. चिकपेटेत पायी जायचं, साड्यांची चार दुकानं पालथी घालायची आणि काही न घेता परत यायचं, हा तिचा आवडता उद्योग. गुडघे गेले आणि तो संपला. त्याच सुमाराला नितीन एचएसआर लेआउटला राहायला गेला आणि जाताना आपला जुना गेमचा कन्सोल तिच्या टीव्हीला जोडून गेला. "टाइमपास होईल तुला," म्हणाला. टाइमपास! तिनं त्यात संसार मांडला.

त्या खेळात गावं होती, नद्या होत्या, आणि शेवटी एका काळ्या राजाला मारायचं होतं. राजाची अक्कात्याला काडीची घाई नव्हती. खेळाचे नियम पुरेनात म्हणून तिनं स्वतःचे केले. घोडा घ्यायचा नाही, "इतक्या दिवसांनी पाय मिळालेत, स्वल्प चालू दे की!" अंधार पडला की चंद्री निजणार. कुणाच्या घरातली पेटी उघडायची नाही, खेळ कितीही उघड म्हणाला तरी. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे मागे जायचं नाही. चूक झाली तर आधीच्या जागेवरून पुन्हा सुरू करायची सोय असते त्यात. अक्कात्या ती कधी वापरत नसे. "झालं ते झालं. आता निस्तरायचं," म्हणायची.

नितीन कपाळाला हात लावायचा. "अगं आत्या, पोरं आठवड्यात संपवतात हा गेम!"

"संपवून मग काय करतात?" ती विचारायची.

मग तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ती इस्पितळात असताना या शहाण्यानं तिला सरप्राइज द्यायचं ठरवलं आणि बसून तिचा खेळ पुरा केला. ती घरी आल्या आल्या तिला खुर्चीत बसवून दाखवलं. काळा राजा मेलेला, चंद्री घोड्यावर, अंगात सोन्याचं चिलखत, पिशवीत घराघरांतून उचललेलं सामान. आणि चंद्रीला रोज पैलतीरी नेणारा तो म्हातारा नावाडी? "त्याच्याकडे किल्ली होती ना, मारावा लागला," नितीन म्हणाला. हसत! अरे, हसत!

अक्कात्यानं पिशवीतलं सामान एकेक करून पाहिलं. "मी चोर कधी झाले रे?" एवढंच म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. नितीनला मी नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "अय्यो, जुना सेव्ह आहे की! एक बटण दाबलं की सगळं होतं तसं." मीसुद्धा म्हटलं, दाब गं, चोरी काही तू केलेली नाहीस. तर ही बाई मलाच म्हणते, "चंद्रीच्या हातून झाली ना? मग मागे जायचं नाही." आता हिच्यावर चिडू की त्याच्यावर, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं निस्तरायला घेतलं. आधी घोडा सोडून दिला. मग नावाड्याचं सुतक धरलं. चंद्री नदीकाठी त्याच्या झोपडीशी नुसती बसून, लढाई नाही की काही नाही. सुतक फिटलं तशी एकेक वस्तू ज्याच्या त्याच्या घरी नेऊन ठेवायला लागली. पायी, आणि उंबऱ्याशी बूट काढून. मी फोन केला की सांगायची, "आज कुंभारणीचा दिवा पोचला." ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला होता.

पुढच्या वर्षी ती गेली. झोपेतच. तेव्हा चंद्रीच्या पिशवीत एकच तांब्या उरला होता. तो कुणाचा, हे तिनं मला सांगितलं होतं, नितीनला नाही.

तेराव्याची पंगत उठली आणि नितीन टीव्हीमागच्या वायरी उपसायला लागला. "देऊन टाकू कुणाला तरी. आता कोण खेळणार आहे?"

"बस खाली!" मी ओरडले. पाहुणे बघायला लागले, बघेनात का! मी टीव्ही लावला आणि कंट्रोलर त्याच्या हातात कोंबला. "एक तांब्या राहिलाय तिचा. परत कर. आणि घोडा नाही."

तो बसला. चंद्री वेशीतून आत शिरली. पहिल्या घराशी त्यानं बूट काढले, मी सांगायच्या आधीच. आत डोकावला, परत आला. दुसऱ्या घरी गेला, मग तिसऱ्या.

"ताई, कुणाचा गं हा?" तिसऱ्या घरातून बाहेर येत त्यानं विचारलं.

"नावाड्याचा," मी म्हटलं. "दे नेऊन."