कॉन्टेसाला दीड फेरा

पळस्पे फाट्याजवळच्या लेथच्या दुकानात बाई उभी आहे हे पाहून लोक अजूनही आत डोकावतात आणि शेठ कुठे आहेत म्हणून विचारतात. किशोरी मशीन बंद न करता सांगते की शेठ मीच, काम बोला. निम्मे लोक काम बोलतात. उरलेले पानाच्या टपरीपर्यंत जाऊन येतो असं सांगून जे जातात ते जातातच.

ती करंजा बंदरातल्या बुधाजी कोळ्यांची मुलगी. बोटीचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो, तो शाफ्ट बुधाजींच्या हातचा असला की बोट हाकणारा तांडेल निर्धास्त असायचा. किशोरी त्यांच्याच हाताखाली शिकली. दोन वर्षांपूर्वी वडिलांचं वर्कशॉप थोरल्या भावाकडे गेलं, तेव्हा तिने जुनं लेथ मागून घेतलं आणि टेम्पोत घालून पळस्प्याला आणलं. गाड्यांच्या दुनियेत तुला कुत्रं विचारणार नाही, असं भाऊ म्हणाला होता. लेथची जागा तशीच मोकळी ठेवतो, हेही त्याने वर सांगितलं. तो प्रेमाने म्हणाला असेल, पण किशोरीला ते फार झोंबलं.

बुधाजींची एक रीत होती. शाफ्ट कितीही झकास उतरला तरी त्यावर आपला मासोळीचा छाप ते लगेच मारत नसत. बोट पहिली फेरी करून धक्क्याला परत लागली, की मगच छाप. किशोरीने दुकान उघडलं त्या दिवशी स्वतःसाठी तसाच छाप घडवला. मासोळीच, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला. तो दोन वर्षं खणात पडून होता, कारण शेजारचा गॅरेजवाला कुंदन तिला नट-बोल्टांपलीकडे काम देत नव्हता.

मग नेऱ्याच्या काशिराम पाटलांची कॉन्टेसा आली. अठ्ठ्याऐंशी सालची गाडी, एकदा झाडावर आदळून ठोकून सरळ केलेली. सरळ म्हणजे आपलं म्हणायचं. मागच्या चाकांचा एक्सल तेव्हापासून वाकडा बसला होता, गाडी सतत डावीकडे ओढायची आणि टायर खायची. या गाडीतून काशिरामांनी बायकोला लग्न करून घरी आणलेलं, त्यामुळे ती भंगारात घालायची त्यांची हिंमत होत नव्हती. एक्सलला धरून ठेवणारे दोन आर्म नवे मिळत नव्हते, आणि मिळाले असते तरी वाकड्या बॉडीला सरळ आर्म काय कामाचे? लांबी कमीजास्त करता येईल असेच आर्म हवे होते. कुंदनचे सगळे उपाय थकले, तेव्हा त्याने नाइलाजाने भिंतीपलीकडे हाक मारली.

किशोरीने आठ दिवस खपून दोन आर्म बनवले. जाड पोलादी नळी, तिच्या एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्याला उलटे. नळी एका बाजूला फिरवली की आर्म लांब होतो, दुसऱ्या बाजूला फिरवली की आखूड, आणि त्यासाठी काहीही सोडवून बाहेर काढावं लागत नाही. कुंदनने गाडी लिफ्टवर उचलली, आर्म बसवले, दोन्ही बाजू मिलिमीटरपर्यंत सारख्या करून सगळे नट कचकचून आवळले. काशिराम चक्कर मारायला गेले आणि दहा मिनिटांत परत आले. गाडी अजून डावीकडे ओढत होती, वर आता मागून कुईकुई वाजतही होती.

बोटीचं काम वेगळं, गाडीचं वेगळं, एवढंच कुंदन म्हणाला. काशिरामांनी सांगून टाकलं की सोमवारी भंगारवाला येतोय. किशोरीला रडू फुटायचंच बाकी होतं. ही गाडी भंगारात गेली की पळस्प्यात तिला कोणी नटसुद्धा देणार नव्हतं, आणि करंज्यात ती मोकळी जागा वाट बघत होती. तिने वडिलांना फोन लावून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पोरी, मोजलीस तवा तुजी गाडी पाण्यात व्हती, का कोरडीच?"

किशोरीने कपाळावर हात मारला. जमिनीवर ओढलेल्या बोटीचा शाफ्ट कधी कायमचा आवळायचा नाही, हे तिला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. बोट पाण्यात उतरली, माल चढला, की तिचं अंग बदलतं, आणि शाफ्ट त्या बदललेल्या अंगाला बसवायचा असतो. गाडी तर लिफ्टवर होती, चाकं हवेत लोंबकळत होती. वाकड्या बॉडीची गाडी खाली बसली की आर्मचा कोन बदलणार, मोजमाप बदलणार, आणि लोंबत्या चाकांवर आवळलेले आर्मच्या टोकांचे रबरी बुश पिळले जाऊन कुरकुरणारच.

रविवारी सकाळी तिने गाडी कुंदनच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी करायला लावली. मागच्या चाकांखाली ग्रीस लावलेले पत्रे, म्हणजे चाकं सरकायला मोकळी. डिकीत तांदळाच्या दोन गोणी. काशिरामांना स्टीअरिंगवर बसवलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. शंभर किलोच्या वर वजन असलेला तो माणूस बसल्याबरोबर गाडी हाशहुश करत खाली गेली. मग तिने सगळे नट सैल केले, चाकांपाशी ओळंबे सोडले, फरशीवर खडूने खुणा केल्या. डावी बाजू सहा मिलिमीटर पुढे निघाली. कुंदनने पुन्हा मोजलं, तरी सहाच.

खड्ड्यात उतरून तिने डाव्या आर्मच्या नळीला पाना लावला. एका फेऱ्याला चार मिलिमीटर, म्हणजे दीड फेरा. तिने तो सावकाश दिला, पत्र्यावर चाक सरकल्याचा आवाज आला, आणि वरून कुंदनने सांगितलं की दोन्ही बाजू सारख्या झाल्या. तशाच भरल्या गाडीत तिने सगळे नट आवळले.

काशिराम गोवा रस्त्याला लागले. अर्धा तास झाला, गाडी येईना. किशोरी दाराशी उभी होती, कुंदन उगाच तोच पाना पुसत होता. शेवटी कॉन्टेसा वळली, एक आवाज न करता आत शिरली, आणि काशिराम घामाघूम, हसऱ्या चेहऱ्याने उतरले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"मोकल्या रस्त्याला दोन्ही हात सोडलं," ते म्हणाले. "तुमच्या वयनीच्या वरातीत चालली व्हती, तशी चालली. उशीर झाला कारन तिला आनायला घरी गेलो व्हतो."

मागच्या दारातून काशिरामांची बायको उतरत होती.

किशोरी दुकानात गेली, खण उघडला, छाप आणि हातोडी घेऊन खड्ड्यात उतरली. अंधारात तिला आर्मचं जाड टोक नीट दिसेना, तेव्हा न सांगता कुंदनने दिवा खाली धरला.

"दोनी आर्मवर मार," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात आनखी दोन गाड्या हायत. लोक छाप बघूनच विचारतील."

तिने दोन्ही आर्मवर एकेक घाव घातला. मग वर येऊन भावाला फोन केला आणि सांगितलं की ती मोकळी ठेवलेली जागा आता खुशाल वापर.