उजवीकडे आधी बघ

हवेत बोटाने एक गोल काढायचा आणि त्यातून उभी रेघ ओढायची. काका खुर्चीतून तेवढंच करायचे आणि मी तव्यावरचं घावन परतायची. मला उशीर झाला की मग तोंड उघडायचे. "परत गो ता, करपतला!"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. काकांकडे मी स्वयंपाक करायला जायची. ते मालवणात घरी बसून मुंबईच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायचे. त्यात इंग्रजी अक्षरं फारशी नसायची. गोल, बाण, त्रिकोण, उलट्या टोप्या. बटणांवर त्यांनी त्या खुणांचे कागद चिकटवले होते. खाऱ्या हवेने ते सुटायचे आणि केर काढताना मला सापडायचे. "माझो त्रिकोण गावलो काय गो?" चष्मा हरवल्यासारखे विचारायचे.

इतरांना पान भरून लिहावं लागतं, ते त्यांच्या एका ओळीत मावायचं. पण त्या ओळीचा अर्थ दुसऱ्या कुणाला लागत नसे. कंपनीतली पोरं पडद्यावरून सांगायची, "सर, हे वाचताच येत नाही. सगळं नव्याने लिहावं लागेल." काका पडदा मिटून मला म्हणायचे, "येणा नाय न्हय. शिकूक नाय." येत नाही असं नव्हे, ही पोरं शिकलीच नाहीत.

अशी हट्टी माणसं तुमच्याही शेजारात असतील. ह्यांचा हट्ट एकच. आपलं लिहिलेलं आणखी एका माणसाने तरी वाचावं. कुणी मिळेना, तेव्हा मला धरलं.

ओट्यावर बांगडे ओळीने मांडायला लावले. ओळीच्या डावीकडे पिठाने तो गोल आणि रेघ काढली. "वाच."

मी खुणेकडे बघत राहिले.

"थंय नको. उजवीकडे आधी बघ. काय आसा?"

"बांगडे."

"मगे खूण काय सांगता?"

घावन परततात तशी मी ओळ उलटी मांडली. शेवटचा बांगडा पहिला आला. "वाचलंस गो बाय!" काका इतके हसले की तेवढ्यात मांजराने एक बांगडा पळवला, तरी हसतच होते.

पुढे काकांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. पुण्याहून भाचा आला आणि घर बंद करून त्यांना न्यायचं ठरलं. त्या दिवसापासून डाव्या हाताचं बोट हवेत फिरू लागलं. गोल आणि रेघ. मी त्यांची कूस परतली. उशी परतली. खुर्ची खिडकीकडे फिरवली. दर वेळी मान नाही म्हणायची. खूण मला येत होती, पण तिच्या उजवीकडे काहीच नसायचं. मग परतायचं काय?

जायच्या सकाळी त्यांना गाडीत मागे, डाव्या काचेशी बसवलं. त्यांनी काचेवर बोट टेकून सावकाश गोल काढला, रेघ ओढली. मी त्यांच्या उजवीकडे बघितलं. तिथे सगळी गाडी होती, सामानासकट, पुण्याकडे तोंड करून.

भाच्याशी मी तोवर कधी बोलले नव्हते. म्हटलं, "त्यांका जावचा नाय. गाडी परतूक सांगतत."

भाचा चांगला होता. म्हणाला, "ताई, ते नुसते हातवारे आहेत हो. त्यात वाचण्यासारखं काही नाही."

"येणा नाय न्हय..." मी म्हटलं. पुढचं गाडी सुरू झाल्याच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. वळणावर गाडी दिसेनाशी झाली, तेव्हाही काचेमागे त्यांचं बोट फिरत होतं.