भांड्यांच्या माळ्यावरचं मिग

पितळेची भांडी रचून ठेवलेल्या माळ्यावर काय साचतं? धूळ, कोळ्याची जाळी, आणि तिथे तिघांनी मिळून लढाऊ विमान बसवलं असेल तर किस्से! सांगायला घेतले की लोक आधी मलाच थांबवतात. "विमान? भंडाऱ्यात? भांड्यांच्या दुकानावर?" म्हणून आधी तेवढं उरकते.

विमान म्हणजे सिम्युलेटर. कॉम्प्युटरमधलं मिग-२१, समोर मोठा स्क्रीन, उजव्या हातात जॉयस्टिक आणि डाव्या हाताला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा. आम्ही तिघं: मी पल्लवी, माझ्या कॉलेजातला निखिल आणि सानगडीचा प्रज्वल. निखिलच्या बाबांचं, म्हणजे काकांचं, बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. माळा त्याच दुकानावरचा. प्रज्वलनं तर आपला अख्खा जिल्हा सिम्युलेटरमध्ये बसवला. वैनगंगा, तलाव, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, शिवाय नदीकाठी त्याच्या मनानं टाकलेली एक धावपट्टी!

माझं म्हणणं साधं होतं. आपल्याकडची पोरं विमान कायम खालून बघतात, मान वर करून. त्यांना एकदा तरी आपलं गाव वरून दिसायला नको? दर रविवारी एका शाळेची मुलं बोलवायची आणि उडवू द्यायचं, फुकट. आणि पुढच्या वर्षी वगैरे नाही, या दिवाळीपासून!

काकांची मात्र वेगळी दिवाळी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते शिडीखालून ओरडले, "धनतेरसले माल येते. मले माळा खाली करून पाहिजे. तुमचं विमान कुठं उतरवता ते पाहून घ्या!"

दुसरी जागा आमच्याकडे नव्हती. काकांना पाझर फुटेल अशी आशाही नव्हती. धनत्रयोदशीला हा माणूस गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ देत नाही. एका वर्षी माल संपला, तर काकूंच्या देवघरातला तांब्या पुसून विकला होता! काकूंनी अजून माफ केलेलं नाही.

*

दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. काकू ताट घेऊन शिडी चढल्या. मी म्हटलं, "काकू, हे हत्यार नाही, जॉयस्टिक आहे."

"लढाऊ विमानाची हाय ना? मंग हत्यारच झालं."

हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याची पानं आणि वर मूठभर अक्षता. आम्ही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी विमान डावीकडे वळेना! जॉयस्टिक अर्ध्यावर जाऊन अडायची. आम्ही ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, कॅलिब्रेशन केलं, शेवटी प्रज्वलनं परदेशातल्या एका फोरमवर विचारलं. तिकडच्या कुणीतरी उलट विचारलं, "आत बाहेरची वस्तू गेली आहे का?" प्रज्वलनं जॉयस्टिक उलटी करून झटकली. बुडातून कुंकू लागलेला तांदळाचा दाणा पडला. त्यानं दाण्याचा फोटो काढून उत्तर टाकलं: "हो. आशीर्वाद."

मी काकूंना समजवायला गेले. म्हटलं, "काकू, तुमच्या अक्षतांमुळे विमान नुसतं उजवीकडे गोल गोल फिरत होतं!"

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबरच हाय ना व. प्रदक्षिणा तशीच घालतेत!"

*

थ्रॉटलचा प्लास्टिकचा दांडा प्रज्वलनं तोडला. शत्रूचं विमान मागे लागलं म्हणून त्यानं दांडा जिवाच्या आकांतानं पुढे ढकलला, तो सरळ हातातच आला. तो हातात धरून प्रज्वल ओरडतच होता, "जाऊन राहिलो ना! जाऊन राहिलो ना मी!" विमान केव्हाच पडलं होतं.

नवा मागवायचा तर कुठून कुठून येणार, कधी येणार! मी म्हटलं, पितळेच्या गावात राहतो आपण, ओतून घेऊ. काकांचा राग विमानावर होता, पितळेवर नव्हता. त्यांनी कारखान्यात जातीनं उभं राहून दांडा ओतून घेतला. चकचकीत, देखणा, टोकाला कमळाची कळी. आणि वजनाला? मुसळ!

"तुमची नातवंडं वापरतीन," काका म्हणाले.

झालं असं की, हात सोडला की दांडा आपल्या वजनानं पुढे पडायचा आणि इंजिन पूर्ण ताकदीवर जायचं. चहाचा कप उचलेपर्यंत विमान नागपूरच्या पार!

मग निखिलनं दांडा मागे ओढून धरायला त्याला दोरी बांधली, ती टेबलाच्या कडेवरून खाली सोडली आणि टोकाला पितळेचा लोटा लटकवला. लोट्यात थोडं थोडं पाणी घालून वजन जुळवलं. दांडा ठेवू तिथे राहायला लागला! बाकीचे लोक थ्रॉटलचा स्क्रू पिळत असतील, आम्ही फुलपात्रानं पाणी ओततो.

एकच भानगड होती. माळ्यावर पत्र्याचा उकाडा, आणि प्रज्वलला तहान लागली की तो तेच पाणी प्यायचा. पुढच्याचं विमान आपोआप सुसाट! "कोण प्यायलं बे?" हा प्रश्न जगातल्या दुसऱ्या कुठल्या स्क्वाड्रनमध्ये विचारत असतील असं मला वाटत नाही.

*

खऱ्या वैमानिकाला मान वळवून मागे बघता येतं. तसं करायला टोपीवर बारीक दिवे लावतात आणि समोर कॅमेरा. कॅमेरा दिवे बघून ओळखतो की डोकं कुठे वळलं, आणि स्क्रीनवरचं दृश्य तिकडे वळवतो. आम्ही ते घरी बनवलं. निखिलनं टोपी घातली, आणि स्क्रीनवरचं आकाश गरागरा फिरायला लागलं! तो टोपी फेकून शिडीकडे पळाला, ओकारी आवरत.

कारण चारी बाजूंनी भांडी! घागरी, पराती, समया, प्रत्येकीत टोपीचे दिवे चमकत होते. कॅमेऱ्याला एका डोक्याच्या जागी शेकडो डोकी दिसत होती.

माझ्याच्यानं राहवेना. मी तशीच खाली उतरले आणि भर दुकानात म्हटलं, "काका, वरची भांडी थोडे दिवस काळी पडू दिली तर?"

दुकानातले सगळे वळून बघायला लागले. गिऱ्हाईकसुद्धा. काका म्हणाले, "निखिल, या पोरीले आधी पाणी दे."

शेवटी आम्ही काकूंच्या जुन्या साड्या आणून एकेक भांडं झाकलं. संध्याकाळी काका सहज वर डोकावले. नऊवारी पांघरलेल्या घागरींच्या रांगा बघून शिडीवरूनच ओरडले.

"काहून बे, थंडी वाजून राहिली का याईले?"

*

एकदा सानगडीवर प्रज्वलचं इंजिन बंद पडलं. मी मागून ओरडले, "खाली सपाट बांधी आहे, उतरव!"

"नाही उतरवत."

"का? वेळ नाही आता!"

"मामाची बांधी हाय ते."

"मग काय झालं?"

"धान निसवून राहिला ना मामाचा! आत्ता कुठं लोंब्या येऊन राहिल्या."

"प्रज्वल, ती स्क्रीन आहे! तिथे धान नाही, हिरवा रंग आहे!"

"रंग तूच टाकला का? मी टाकला. मले माहीत हाय तो काय हाय!"

आणि त्यानं चांगलं धड विमान गावच्या तलावात घातलं. वर मामांना फोन करून सांगितलं, की मामा, तुमचा धान वाचवला. फोन स्पीकरवर होता. मामा घाबऱ्या आवाजात म्हणाले, "तलावात कोणत्या बाजूले पाडलं बे? तिकडं मासोळीचं बीज सोडलं हाय!"

*

दिवाळी जवळ आली तशी माझी घाई वाढली. मी अड्याळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठलं. सर म्हणाले, "आधी मी पाहतो, मंग पोरं पाठवतो." आले, बसले. टोपी नीट केली, सीट बेल्ट मागितला. नव्हता, तर माझी ओढणी बांधून घेतली.

धावपट्टी संपली तरी सरांनी विमान उचललं नाही. पुढे प्रज्वलनं आखलेला रस्ता होता. सरांनी मिग त्या रस्त्याला लावलं आणि डाव्या बाजूनं, सायकलच्या वेगानं, अड्याळकडे निघाले. वळण आलं की आणखी हळू.

"सर, काठी मागे ओढा ना! उडेल!"

"थांब व बाई, समोर फाटा हाय."

मला धीर धरवेना. "सर, हे विमान आवाजाच्या दुप्पट वेगानं जातं!"

सर रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "जात असन. अड्याळच्या रोडनं नाही जात."

शाळेसमोर विमान व्यवस्थित लावून सर उठले. खूष होते. वर्गातली निम्मी पोरं अजून भंडाऱ्याच्या पुढे गेली नाहीत, म्हणाले. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी घेऊन येतो. मग शिडी उतरता उतरता थांबले. "पोराईले आजच सांगून देतो मी. जागा पक्की हाय ना?"

मी "हो" म्हणाले.

*

धनत्रयोदशी उजाडली. सकाळीच मालाची गाडी आली. दुकानात मुंगीला वाट नाही, रस्त्यावर पेट्यांची थप्पी, निखिल गल्ल्याशी अडकलेला. वर मी आणि प्रज्वल वायरी गुंडाळायला बसलो होतो. प्रज्वल म्हणाला, "एकदा शेवटचं फिरून येऊ का?" आणि विमान सुरू करून धावपट्टीवर उभं केलं. तेवढ्यात काका वर आले.

"झालं नाही अजून?"

मी आठवडाभर भाषण तयार ठेवलं होतं. सुरू केलं. मुलं, आकाश, अड्याळचे सर, सगळं. काका गुडघा चोळत होते. माळ्यावर बसायला एकच खुर्ची, ती वैमानिकाची. ते तिच्यात टेकले. त्यांचा हात सवयीनं आपण ओतून घेतलेल्या पितळेवर गेला. कमळाच्या कळीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "हे पुढं केलं तं काय होते?"

"पुढे जातं, काका. तर मी काय म्हणत होते..."

दांडा पुढे गेला होता! मागे लोटा वर चढला. प्रज्वल कानाशी वाकला, "काका, आता काठी पोटाकडं घ्या. हळू. आणखीन हळू." धावपट्टी खाली सुटली. वैनगंगा आली, पूल आला, पुलापलीकडे बांध्याच बांध्या. माझं भाषण कुठे थांबलं ते मलाच कळलं नाही.

बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "आपलं दुकान कुठं हाय?"

प्रज्वलनं बाजारातल्या एका पत्र्यावर बोट ठेवलं. एवढंसं, नखाएवढं. काकांनी विमान वाकडं केलं आणि दुकानाला फेरी घालायला सुरुवात केली. उजवीकडून.

खालून निखिल ओरडला, "बाबा, पेट्या वर आणू का?"

काकांनी ऐकलं नाही. दुसरी फेरी.

"बाबा! पेट्या!"

"राहू दे खाली! इथं जागा कुठं हाय?"

तिसऱ्या फेरीला निखिल अर्धी शिडी चढून आला. घामानं निथळत होता. "बाबा, लोटे संपले. नव्या पेटीत नुसत्या पराती निघाल्या. गिऱ्हाईक उभं हाय, लोटाच पाहिजे म्हणते. वरचा तो द्या ना!"

मी काकांना ओळखत होते. देवघरातला तांब्या आठवला. मुकाट्यानं टेबलाशी गेले, लोट्यातलं पाणी बादलीत ओतायला हात लावला.

"हात नको लावू त्याले!" स्क्रीनवरची नजर न काढता काका गरजले. आणि मग शिडीकडे तोंड करून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं, "वापस पाठव गिऱ्हाइकाले! लोटा काढला तं मी सिद्धा नागपुरात निघतो!"