जलपर्णीचा भारा

पोळा झाला आणि कडूबाच्या म्हशीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली. पंधरा दिवसांत म्हैस गेली. मोताळ्याहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट फाडलं, यकृत कापलं. आत सुकल्या पानांसारखे चपटे जंत होते.

"उन्हाळ्यात काय चारलं?"

"तळ्यातली जलपर्णी, साहेब. दुसरं हिरवं होतंच काय?"

"तिच्या मुळांत गोगलगायी राहतात. त्यांच्यातून हा जंत पानावर बसतो, पानातून जनावराच्या पोटात जातो. वेळेवर औषध दिलं तर जनावर वाचतं. ही जलपर्णी आणखी कोणाला दिली होती?"

"कोणालेच नाही," कडूबा म्हणाला.

चार वर्षांपूर्वी ती वनस्पती कुठून तळ्यात आली, कोणालाच माहीत नव्हतं. चैत्रात बांध करपले, तेव्हा कंबरभर पाण्यात उतरून कडूबाच ती कापायचा. रोज एक भारा शेजारच्या अन्नपूर्णाबाईच्या गोठ्यात टाकायचा. विधवा बाई, एका म्हशीवर घर चालायचं. भाऱ्याच्या बदल्यात ती त्याचा लोटा दुधाने भरून द्यायची. आळीत त्याचं नाव झालं होतं.

दोन दिवस तो अन्नपूर्णाबाईच्या दाराकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी रिकामा लोटा घेऊन तो तिच्या गोठ्यात गेला.

"या, कडूबाभाऊ. लोटा आणला, पण दूध कुठी हाय? आटली ना हे. माह्यावानीच थकली," अन्नपूर्णाबाई हसली.

म्हशीने मान वळवली. जबड्याखाली तीच पिशवी होती.

"वहिनी, मी आणलेल्या चाऱ्यानं झालं हे. डॉक्टरनं परवाच सांगतलं."

तिचं हसू गेलं. "परवा? मग आज काऊन सांगून राह्यले?"

कडूबाने हातातला लोटा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला.

"डॉक्टरले फोन लावा," ती म्हणाली आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डॉक्टर तासाभरात आले. औषध पाजलं. त्यांनी कडूबाकडे एकदा पाहिलं आणि बॅग उचलून निघून गेले. औषधानंतर चौथ्या दिवशी म्हैस उठली नाही. ते दोन दिवस मिळाले असते तर ती जगली असती का, हे कडूबाने डॉक्टरांना विचारलं नाही. हो म्हणाले असते तर?

अन्नपूर्णाबाईने आळीत कोणाला काही सांगितलं नाही. त्याचा लोटा अजून तिच्या गोठ्यातल्या कोनाड्यात आहे. ती परत करत नाही, आणि तो मागायला जात नाही.